जाहिरात नसताना कंपनीत अर्ज करताना : नव्या पदवीधरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅम्पसमध्ये काही हाती लागलं नाही आणि पोर्टलवर शंभर ठिकाणी 'अप्लाय' दाबून झालं, की पुढचे प्रश्न येऊ लागतात. तेच इथे एकत्र केले आहेत. उत्तरं मुख्यतः महाराष्ट्र आणि गोव्यातल्या खासगी कंपन्यांना धरून आहेत. जिथे एका प्रश्नाचा धागा दुसऱ्यात आहे, तिथे क्रमांक दिला आहे.

१. कंपनीने जाहिरातच दिलेली नाही. मग अर्ज करून काय उपयोग?

जागा कशी भरली जाते ते आधी पाहा. क्वालिटीतल्या एकाने राजीनामा टाकला, की विभागप्रमुख पहिल्यांदा आपल्याच माणसांना विचारतो, "कोणी आहे का ओळखीत?" नाही मिळालं तर एचआर आधी आलेले बायोडाटे चाळतं. त्यातही जमलं नाही तर कन्सल्टन्सीला फोन जातो. कन्सल्टन्सीचा रूढ दर वार्षिक सीटीसीच्या (कंपनीला एका माणसामागे येणाऱ्या एकूण खर्चाच्या) ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार. फ्रेशरसाठी एवढा खर्च करायला लहान कंपनीचा मालक सहसा तयार नसतो. पोर्टलवर जाहिरात टाकली तर अर्जांचा ढीग येतो आणि तो उपसायला माणूस नसतो.

म्हणून पहिल्या दोन टप्प्यांत तुमचं नाव त्यांच्यासमोर असेल, तर स्पर्धा शेकड्यांशी नसून चार-पाच जणांशी असते. जाहिरातीशिवाय केलेल्या अर्जाचा फायदा एवढाच, पण तो मोठा आहे. असा अर्ज कुठे चालत नाही ते प्रश्न २ आणि २१ मध्ये.

२. कोणत्या कंपन्या निवडू? मोठ्या नावाच्या कंपन्यांना मेल केला तर?

टीसीएस, इन्फोसिस यांसारख्या कंपन्या फ्रेशर घेतात ते स्वतःच्या पोर्टलवरून आणि ठरलेल्या परीक्षांतून. तिथल्या एचआरला मेल केला तर "पोर्टलवर नोंदणी करा" एवढंच उत्तर येईल, तेही आलं तर. तिथे नोंदणी करून ठेवा आणि विसरून जा.

साधारण ३० ते ३०० माणसांच्या कंपन्या हे या पद्धतीचं खरं मैदान. मेकॅनिकल किंवा प्रॉडक्शनवाल्यांसाठी चाकण, भोसरी, रांजणगाव, वाळूज इथले वाहन कंपन्यांचे पुरवठादार आणि त्या पुरवठादारांचे पुरवठादार. कोल्हापूरकडे शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्री. इलेक्ट्रिकलवाल्यांना नाशिकचं सातपूर आणि अंबड. बी.एस्सी. केमिस्ट्रीला तारापूर, महाड, लोटे परशुराम, कुरकुंभ आणि गोव्यातलं वेर्णा, कारण रसायन आणि औषध कारखान्यांच्या क्यूसी (गुणवत्ता तपासणी) लॅबमध्ये शिफ्टप्रमाणे माणसं लागतातच. जालन्यात पोलाद आणि बियाणं. आपल्या विषयाचं काम जिथे रोज चालतं ती वसाहत आधी ठरवा, कंपनीचं नाव नंतर.

३. अशा कंपन्यांची यादी कुठे मिळते?

सगळ्यात सोपी जागा म्हणजे उद्योजकांच्या संघटना. पुण्यात मराठा चेंबर (एमसीसीआयए), नाशिकमध्ये निमा आणि आयमा, छत्रपती संभाजीनगरात सीएमआयए आणि मसिआ, कोल्हापुरात गोशिमा आणि स्मॅक, नागपूरकडे व्हीआयए आणि बुटीबोरीची बीएमए. सभासदांची यादी कुठे संकेतस्थळावर असते, कुठे छापील डिरेक्टरीत. औद्योगिक प्रदर्शन भरलं की स्टॉलधारकांची यादी आयोजकच प्रसिद्ध करतात. तीही उपयोगी, कारण प्रदर्शनात पैसे घालणारी कंपनी धंदा वाढवायच्या बेतात असते.

एक मार्ग फारसा कोणी वापरत नाही. नव्या किंवा विस्तारित प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी मिळाली, की कंपनीला ती स्थानिक वृत्तपत्रांत जाहीर करावी लागते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. त्या कंटाळवाण्या चौकटी वाचा. ज्या कारखान्याला आता मंजुरी मिळाली, त्याला पुढे माणसं लागणार आहेत. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या नव्या प्लांटची घोषणा बीएसईच्या संकेतस्थळावर करतात, तेही असंच.

चाळीसेक नावं जमली की थांबा. एक्सेलमध्ये रकाने करा : कंपनी, काय बनवते, कोणाला लिहिलं, तारीख, फोनची तारीख, काय म्हणाले. आठवड्याला आठ-दहा अर्ज, त्याहून जास्त नको. एका अर्जाची तयारी नीट केली तर पाऊण तास जातोच.

४. अर्ज एचआरला करू, विभागप्रमुखाला की थेट मालकाला?

कंपनीच्या आकारावर आहे. पन्नासच्या आतली माणसं असतील तर मालक किंवा भागीदारच सगळं ठरवतो, त्यालाच लिहा. पन्नास ते तीनशेमध्ये ज्याच्या हाताखाली काम करायचं त्या विभागप्रमुखाला, आणि सीसीमध्ये एचआर. विभागप्रमुखाला माणूस कमी पडतोय हे एचआरच्या आधी माहीत असतं. पण एचआरला वगळलं तर पुढे कागदपत्रांच्या वेळी उगाच नाराजी होते. तीनशेच्या वर एचआरला मेल आणि विभागप्रमुखाला लिंक्डइनवर चार ओळी.

एकाच कंपनीत पाच जणांना वेगवेगळे मेल टाकू नका. दुपारी जेवणाच्या टेबलावर पाचही जण एकमेकांना सांगतात.

५. नाव आणि ईमेल कसा शोधायचा?

लिंक्डइनवर कंपनीच्या पानावर 'पीपल' बघा आणि हुद्द्याने चाळा. तिथे नाव मिळतं, ईमेल क्वचितच. मग कंपनीच्या संकेतस्थळावर कुठेतरी छापलेला एखादा पत्ता शोधा, विक्री विभागाचा असला तरी चालेल. त्यावरून साचा कळतो : नाव, टिंब, आडनाव, की नुसतं आद्याक्षर आणि आडनाव. त्याच साच्यात हवं ते नाव बसवा. मेल परत आला तर फार तर आणखी एक पर्याय वापरून पाहा. दहा अंदाज एकदम पाठवले तर त्यांचा सर्व्हर तुमचा पत्ता स्पॅममध्ये टाकतो आणि नंतरचा बरोबर मेलही पोचत नाही.

काहीच नाही मिळालं तर कंपनीच्या बोर्ड नंबरवर फोन करून सरळ विचारा : "क्वालिटीचे हेड कोण आहेत? त्यांना एक मेल पाठवायचा आहे, पत्ता मिळेल का?" नोकरी हा शब्द न काढता विचारलं तर बहुतेक वेळा मिळतो. कशासाठी ते विचारलंच, तर खोटं बोलू नका.

कंपनी खरी आहे का, चालू आहे का, हे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर 'कंपनी मास्टर डेटा'मध्ये दिसतं : स्थापनेची तारीख, नोंदणीकृत पत्ता आणि सद्यस्थिती. भागीदारी किंवा एकट्या मालकीची पेढी तिथे सापडणार नाही; तिचा जीएसटी क्रमांक जीएसटी पोर्टलवर टाकून पाहा.

६. मेलमध्ये नक्की काय लिहू? नमुना द्या.

मेल इंग्रजीत जाईल (प्रश्न ८), पण बांधणी कळावी म्हणून इथे मराठीत :

*विषय : क्वालिटी विभाग, फ्रेशर, बी.ई. मेकॅनिकल २०२५, राहणार भोसरी*

*नमस्कार सर,*
*तुमची कंपनी दुचाकींसाठी ॲल्युमिनियमचे डाय कास्टिंगचे भाग बनवते, हे संकेतस्थळावर वाचलं. माझा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प डाय कास्टिंगमधल्या पोरॉसिटीवर होता. त्यात एका कारखान्यातले ४०० नग तपासून दोषांचं वर्गीकरण केलं; निम्म्याहून जास्त दोष एकाच साच्यातले निघाले. व्हर्नियर, मायक्रोमीटर आणि हाइट गेज हाताळता येतं, सीएमएमचा रिपोर्ट वाचता येतो.*
*इनकमिंग किंवा फायनल इन्स्पेक्शनला, तिन्ही शिफ्टमध्ये काम करायची तयारी आहे. सध्या जागा नसली तरी तुमच्याकडे फ्रेशरला कोणत्या कामावर घेतात, हे समजून घ्यायला दहा मिनिटं भेटायला आवडेल. येत्या बुधवारी सकाळी ११ वाजता फोन करतो. बायोडाटा सोबत आहे.*

खाली नाव आणि मोबाइल नंबर. बस.

यात काय आहे ते बघा. विषयातच विभाग, पदवी, वर्ष आणि राहण्याचं ठिकाण आलं, म्हणजे मेल न उघडताही पुढे पाठवता येतो. पहिलं वाक्य त्यांच्या मालाबद्दल आहे. दुसरं आपण केलेल्या एका कामाबद्दल, आकड्यासह. मागणी नोकरीची नाही, दहा मिनिटांची आहे. तिला हो म्हणायला मंजुरी लागत नाही. आणि पुढचं पाऊल आपण आपल्याकडे ठेवलं आहे. बुधवारी फोन करतो म्हटलं, तर बुधवारी करायचाच.

मेल वाया जातात ते ठरलेल्या कारणांनी. विषयात नुसतं 'रेझ्युमे'. "आपल्या नामांकित संस्थेत" अशी सुरुवात, जी कुठल्याही कंपनीला चालेल, म्हणून कोणालाच लागू होत नाही. मागच्या कंपनीचं नाव तसंच राहून गेलेलं. ड्राइव्हची लिंक, जी उघडली की परवानगी मागते. आणि चाळीस कंपन्या एकाच मेलच्या 'टू'मध्ये! हे अजूनही होतं.

प्रकल्प असा जुळणारा नसेल तर प्रॅक्टिकल, इंटर्नशिप, घरच्या दुकानाचा हिशेब, गणेश मंडळाचा जमाखर्च, काहीही चालेल. ते केलेलं असावं आणि त्यात एक आकडा असावा, एवढंच.

७. "कुठलंही काम करायची तयारी आहे" असं लिहिलं तर संधी वाढेल ना?

उलट कमी होते. वाचणाऱ्याला तुमचा मेल कोणाकडे पाठवायचा ते कळत नाही, आणि ज्या मेलचं काय करायचं ते कळत नाही तो तसाच राहतो. एक विभाग, फार तर दोन लगतचे. लवचीकता दाखवायची तर शिफ्ट, प्रवास, रुजू होण्याची तारीख यांत दाखवा. भेटीत त्यांनीच "स्टोअरला चालेल का?" विचारलं तर तिथे हो म्हणता येतं.

८. इंग्रजी कच्चं आहे. मराठीत लिहिलं तर?

कंपनीला मेल इंग्रजीतच, पण साधा आणि लहान. वाक्यं दहा शब्दांच्या आसपास ठेवली की चुका आपोआप कमी होतात. एआयकडून लिहून घेतलेला मेल ओळखू येतो, कारण तो सगळ्यांचा सारखाच असतो. व्याकरण तपासायला वापरा, मजकूर तुमचा ठेवा. फोनवर आणि गेटवर मात्र खुशाल मराठी बोला. सांगली-कोल्हापूरकडच्या लहान कारखानदाराला मराठीत व्हॉट्सॲप केलं तरी काही बिघडत नाही, नंबर त्यांनी स्वतः दिलेला असेल तर.

९. बायोडाटा किती पानांचा? वडिलांचं नाव, जात, वैवाहिक स्थिती लिहायची का?

एक पान. वडिलांचा व्यवसाय, जात, उंची हे लग्नाच्या बायोडाट्यात शोभतं, इथे नको. आधार आणि पॅन क्रमांक तर मुळीच नको, ऑफर आल्यावर मागतात. फोटो मागितला तरच. क्रम असा : नाव, मोबाइल, ईमेल, राहण्याचं गाव; मग हवं असलेलं काम एका ओळीत; प्रकल्प किंवा इंटर्नशिप; येणारी साधनं आणि सॉफ्टवेअर; शेवटी शिक्षण आणि गुण. सीजीपीए दिला तर शेजारी टक्केही द्या, लहान कंपन्यांत टक्केच बघतात. केटी असेल तर लपवू नका. 'सर्व विषय उत्तीर्ण, जून २०२५' एवढं पुरे. 'साठ टक्के हवेतच' हा नियम कॅम्पसचा, लहान कारखान्यात तो कोणी लावत नाही.

फाइल पीडीएफमध्येच, एक एमबीच्या आत. नाव 'रेझ्युमे फायनल २' नको. स्वतःचं नाव, पदवी, वर्ष असं ठेवा. सहा महिन्यांनी कोणी शोधलं तर सापडलं पाहिजे.

१०. अर्ज केव्हा पाठवावा?

बहुतेक कंपन्यांचं आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं. मनुष्यबळाचं बजेट त्याच सुमारास मंजूर होतं, पगारवाढीची पत्रंही तेव्हाच निघतात, आणि वाढ पसंत न पडलेले लोक त्यानंतर राजीनामे देतात. म्हणून एप्रिल ते जुलै हा काळ चांगला. पण पदवीचा निकालही याच काळात लागतो आणि गर्दी होते. निकालाची वाट न बघता शेवटच्या सत्राच्या परीक्षेआधीच पहिली फेरी पाठवलेली बरी.

प्रत्येक धंद्याचा आपला हंगाम असतो. सीए फर्मना जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत विवरणपत्रं आणि टॅक्स ऑडिटमुळे श्वास घ्यायला वेळ नसतो, म्हणून तिथे एप्रिल-मेमध्ये विचारा. साखर कारखान्याचं गाळप दिवाळीच्या आगेमागे सुरू होतं. लॅब केमिस्टसाठी ऑगस्ट-सप्टेंबर.

कारखान्यात महिन्याचे शेवटचे चार दिवस माल पाठवायच्या घाईचे असतात, तेव्हा कोणी मेल वाचत नाही. मार्चअखेर आणि दिवाळीचा आठवडा तर सोडूनच द्या. साप्ताहिक सुट्टीही तपासा : भोसरी-पिंपरी पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांना सुट्टी गुरुवारी असते, रविवारी नाही. गुरुवारी गेटवर गेलात तर फक्त वॉचमन भेटेल.

११. आठवडा झाला, उत्तर नाही. पुन्हा मेल करू?

उत्तर न येणं हा नकार नाही, ती या पद्धतीची नेहमीची अवस्था आहे. पाच ते सात कामाच्या दिवसांनी फोन करा. फोन लागला नाही तर त्याच मेलला 'रिप्लाय' करून दोन ओळी लिहा, नवा मेल नको. जुना मजकूर खाली दिसला पाहिजे. त्यानंतर गप्प बसा. तीन महिन्यांनी एकदा, पण नवीन काही सांगण्यासारखं असेल तरच : निकाल, एखादा कोर्स, घर त्यांच्या भागात हलवलं. तीन वेळा झालं की ती ओळ यादीत राखाडी करा.

चाळीसपैकी पंचवीस ठिकाणांहून काहीच आलं नाही तर घाबरू नका. चाळीसही ठिकाणी शांतता असेल तर मात्र मेलमध्ये किंवा निवडलेल्या कंपन्यांत गडबड आहे; तसाच मेल पुढच्या चाळीस जणांना पाठवू नका.

१२. रिसेप्शनवरच अडवतात. फोनवर काय बोलायचं?

"एचआरला जोडता का?" म्हटलं की "कशाबद्दल?" येतंच. त्याऐवजी नाव घेऊन बोला : "नमस्कार, क्वालिटीच्या साहेबांना सोमवारी मेल पाठवला होता, त्याबद्दल एक मिनिट बोलायचं होतं." मेल खरंच गेलेला असतो, म्हणून हे बोलताना अडखळायला होत नाही. साहेब लाइनवर आले की तीन गोष्टी : कोण, कशाबद्दल, केव्हा भेटू. "बिझी आहे" म्हणाले तर "किती वाजता करू?" विचारा आणि त्याच वेळेला करा. रिसेप्शनवरच्या ताईंचं नाव विचारून ठेवा. दुसऱ्या फोनला त्याचा उपयोग होतो.

मोबाइलवर ट्रूकॉलरमध्ये तुमचं नाव भलतंच दिसत असेल तर आधी ते बदला.

१३. थेट एमआयडीसीत जाऊन गेटवर बायोडाटा दिला तर?

कारखान्यांत चालतं. आयटी पार्कमध्ये नाही, तिथे आतल्या कोणीतरी पास काढल्याशिवाय लिफ्टपर्यंतही जाता येत नाही.

वेळ साडेदहा ते बारा. शिफ्ट बदलायच्या वेळी, म्हणजे बऱ्याच ठिकाणी सकाळी सात आणि दुपारी तीनच्या आसपास, गेटवर झुंबड असते. बायोडाट्याच्या छापील प्रती, पेन आणि फोटो असलेलं ओळखपत्र जवळ ठेवा. पायात बंद बूट हवेत. चप्पल असली की शॉप फ्लोअरवर सोडत नाहीत, आणि बोलावलंच तर तिथूनच परतावं लागतं.

सिक्युरिटीला नुसता कागद देऊन निघू नका. तो कागद केबिनमधल्या पेटीत पडतो आणि पेटी कोण, केव्हा उघडतं ते कोणालाच माहीत नसतं. "एचआरचे कोण साहेब आहेत? इंटरकॉमवर विचारता का, पाच मिनिटं भेटतील का?" असं म्हणा. नाही म्हणाले तर प्रतीवर त्या साहेबांचं नाव आणि तारीख लिहून द्या आणि संध्याकाळी त्यांना मेल करा : "आज सकाळी गेटवर प्रत दिली आहे." वॉचमनशी दोन शब्द बोला. कुठल्या कंपनीत नवी लाइन बसतेय हे त्याला लिंक्डइनच्या आधी कळतं.

१४. ओळखीतून जाणं म्हणजे वशिलाच ना?

पात्रता नसताना कोणाच्या फोनवर लागणं हा वशिला. पात्र माणसाचा बायोडाटा योग्य टेबलावर पोचवणं हा रेफरन्स, आणि अनेक कंपन्या त्यासाठी कर्मचाऱ्यांना बक्षीसही देतात. कॉलेजचे दोन-तीन वर्षं आधीचे माजी विद्यार्थी सगळ्यात उपयोगी. त्यांना फ्रेशर असण्याचे हाल अजून आठवत असतात. "दादा, जागा आहे का?" विचारलं की ते अवघडतात. "तुमच्या विभागात फ्रेशरला सुरुवातीला काय काम देतात?" विचारलं की बोलतात, आणि शेवटी स्वतःच म्हणतात, बायोडाटा पाठव.

१५. "सध्या जागा नाही, बायोडाटा ठेवतो" म्हणाले. हे टाळणं आहे का?

कधी आहे, कधी नाही. तिथल्या तिथे तीन प्रश्न विचारले की कळतं. साधारण केव्हा जागा निघतात? माझ्यात काय कमी आहे? तुमच्या पुरवठादारांत किंवा ग्राहकांत कोणाला गरज आहे का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात मोलाचं. त्यातून मिळालेल्या नावाकडे जाताना पाठवणाऱ्याचं नाव सांगायचं, अर्थात त्यांची परवानगी घेऊनच.

१६. नोकरीऐवजी अप्रेंटिसशिप देतो म्हणतात. पदवीधराने घ्यावी का?

घ्यावी, नोंदणीकृत असेल तर. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला एकूण संख्येच्या २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात, म्हणून "जागा नाही" म्हणणाऱ्या कंपनीतही ही जागा असू शकते. हे तुम्हीच सुचवू शकता. पदवीधरांसाठी नॅट्स हे सरकारी अप्रेंटिसशिप पोर्टल. पश्चिम भारताचं काम मुंबईतल्या 'बोट' (बोर्ड ऑफ अप्रेंटिसशिप ट्रेनिंग) कार्यालयाकडे आहे. २०१९ च्या सुधारित नियमांनी पदवीधराचा किमान स्टायपेंड ९,००० रुपये ठरवला होता (सध्याचा आकडा पोर्टलवर पाहा) आणि किमान रकमेतला अर्धा वाटा सरकार उचलतं. रुजू होताना पोर्टलवर करार तयार झाला का ते बघा. नाही झाला तर शेवटी सरकारी प्रमाणपत्र मिळणार नाही आणि ते वर्ष कागदावर दिसणारच नाही. संपल्यावर नोकरी देण्याचं बंधन कंपनीवर नसतं.

नोंदणी नाही, स्टायपेंड नाही, फक्त 'अनुभव' अशी ऑफर असेल तर दीड-दोन महिन्यांपेक्षा जास्त थांबू नका.

१७. "कॉन्ट्रॅक्टरच्या रोलवर ये, नंतर कायम करू." विश्वास ठेवू का?

शब्दावर नको, कागदावर ठेवा. नेमणुकीचं पत्र कोणाच्या नावाने, पगार कोणाच्या खात्यातून, पीएफचा यूएएन (खात्याचा कायमचा क्रमांक) निघणार का, वेतन २१,००० रुपयांच्या आत असेल तर ईएसआय (कामगार विमा) कापणार का, हे विचारा. अनुभवाचं पत्र कॉन्ट्रॅक्टरचं मिळेल, कंपनीचं नाही. तरी काम तुमच्या विषयाचं असेल तर वर्षभर करायला हरकत नाही. पॅकिंगला उभं करणार असतील तर पदवीचा उपयोग होत नाही. गेल्या वर्षात किती जणांना कायम केलं, हे आतल्या मुलांना चहाच्या टपरीवर विचारा.

१८. पगार किती सांगू?

पहिल्या मेलमध्ये मुळीच नाही. विचारलं तर त्याच वसाहतीत फ्रेशरला काय मिळतं ते माजी विद्यार्थ्यांकडून काढून एक पल्ला सांगा. सीटीसी आणि हातात येणारी रक्कम वेगळी : पीएफचा कंपनीचा वाटा आणि ग्रॅच्युइटी सीटीसीत धरलेली असते. खोलीभाडं, मेस, कंपनीची बस आहे का, कॅन्टीनमध्ये जेवण किती रुपयांत, हे मांडून बघा. बस आणि कॅन्टीन असलेली नोकरी कागदावर कमी दिसली तरी बऱ्याचदा जास्त उरते.

१९. रजिस्ट्रेशन फी मागितली. मूळ गुणपत्रिका मागितल्या. बाँडही आहे म्हणे.

फी : देऊ नका. खरी कन्सल्टन्सी कंपनीकडून पैसे घेते. 'लॅपटॉप डिपॉझिट', 'ट्रेनिंग चार्ज', 'गेटपास फी' ही त्याचीच रूपं. मोठ्या कंपनीचं ऑफर लेटर जीमेलच्या पत्त्यावरून आलं तर ते खोटं समजा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा.

मूळ कागद : तपासायला दाखवा, ठेवायला देऊ नका.

बाँड : किती महिने, किती रक्कम, कोणत्या प्रशिक्षणासाठी, हे लेखी मागा. सोडून गेल्यास लिहिलेली सगळी रक्कम आपोआप वसूल होत नाही. करार कायद्याच्या कलम ७४ नुसार ती कमाल मर्यादा, कोर्ट वाजवी भरपाईच देतं. पण कोर्टकचेरी तुम्हालाही परवडणारी नाही, म्हणून सही करण्याआधी विचार करा. सहीचा कोरा चेक देणं हा बाँडहून मोठा धोका.

२०. तीन वर्षं एमपीएससी केली. हा गॅप कसा सांगू?

सरळ सांगा. महाराष्ट्रात समोरच्याच्या घरातही कोणीतरी ही तयारी केलेली असते. "२०२२ ते २०२५ राज्यसेवेची तयारी, दोनदा पूर्व परीक्षा उत्तीर्ण, आता खासगी क्षेत्रात यायचं ठरवलं आहे." यातला 'ठरवलं आहे' महत्त्वाचा, कारण त्यांची खरी शंका 'पुढची जाहिरात आली की हा पळेल' ही असते. अजून फॉर्म भरत असाल तर नाही म्हणू नका, पण अभ्यासासाठी सुट्ट्या मागणार नाही हे स्पष्ट करा. मधल्या काळात शाखेचं ज्ञान गंजलं असेल तर आधी दोन-तीन महिन्यांचं एखादं कौशल्य हातात घ्या : टॅली, एक्सेल, ऑटोकॅड, काहीही. मेलमध्ये गॅपऐवजी त्यापासून सुरुवात करता येते.

२१. महापालिकेत, झेडपीत किंवा सरकारी बँकेत असा अर्ज चालेल का?

नाही. तिथे जाहिरात आणि स्पर्धा बंधनकारक आहे. उमादेवी प्रकरणात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने मागच्या दाराने झालेल्या नेमणुका कायम करायला नकार दिला. "आत सेटिंग आहे" म्हणणाऱ्यासाठी प्रश्न १९ चा पहिला परिच्छेद वाचा.

२२. मी बी.ए. / बी.कॉम. आहे. हे सगळं इंजिनिअरांसाठीच दिसतंय.

नाही. बी.कॉम.ला सीए फर्म, कर सल्लागार, कारखान्यांचे अकाउंट्स आणि डिस्पॅच विभाग, वाहतूकदार. मेलमधला आकडा असा : "जीएसटीआर-१ आणि ३बी साठी दरमहा शंभर बिलं टॅलीत भरली." बी.ए.ला प्रकाशनसंस्था, भाषांतर आणि सबटायटलिंगच्या कंपन्या, स्वयंसेवी संस्था, खासगी शाळांची कार्यालयं. इथे बायोडाट्यापेक्षा नमुना बोलतो : त्यांच्याच एखाद्या पत्रकाचं एक पान भाषांतर करून जोडा. एक पान, संपूर्ण पुस्तक फुकट करून देऊ नका.

२३. मी परदेशात शिकतोय. तिथे हे चालतं का?

जर्मनीत तर जाहिरातीशिवाय करायच्या अर्जाला स्वतंत्र नावच आहे, 'इनित्सियाटिफबेवेर्बुंग', आणि कंपन्यांच्या संकेतस्थळांवर त्याचा वेगळा दुवा असतो. ब्रिटनमध्ये पुढे वर्क व्हिसा लागणार असेल तर आधी गृहखात्याची परवानाधारक स्पॉन्सरांची जाहीर यादी पाहा. त्यात नाव नसलेल्या कंपनीला तुम्ही कितीही आवडलात तरी ती परवाना काढेपर्यंत स्पॉन्सर करू शकत नाही.

२४. ज्या साहेबांनी "पुढच्या महिन्यात बघू" म्हटलं होतं, तेच कंपनी सोडून गेले. आता?

दोन मेल करा. पहिला त्यांना, लिंक्डइनवर, नव्या जागेसाठी शुभेच्छा देऊन. नव्या ठिकाणी त्यांना स्वतःची माणसं लागतात आणि तुमचं नाव त्यांच्या डोक्यात ताजं आहे. दुसरा जुन्या कंपनीच्या एचआरला, आधीच्या मेलचा धागा जोडून : "अमुक तारखेला सरांशी बोलणं झालं होतं, आता कोणाशी बोलू?" जाणाऱ्या माणसाची जागा भरायची तर आतल्याच कोणाला वर चढवतात बहुतेक, आणि मग खालची एक जागा रिकामी होते. तिची जाहिरात यायला अजून वेळ असतो.